तुमच्या मनाला येईल ते द्या

१

मागच्या पावसाळ्यात मी पुण्यात घर बदललं आणि नवा फ्रिज घेतला. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दोघा जणांनी तो फ्रिज पट्टे लावून जिन्याने वर आणला. वळणावर एकाचा हात भिंतीला चांगलाच घासला. तो फक्त ‘हळू रे’ एवढंच म्हणाला. फ्रिज जागेवर बसला, मी पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘काका, किती द्यायचे?’’

‘‘द्या साहेब, तुमच्या मनाला येईल ते.’’

मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. मला साहेब म्हणणारा माणूस माझ्या वडिलांच्या वयाचा होता. आणि माझ्या मनाला काहीच येत नव्हतं. शंभर म्हणजे दोघांत पन्नास-पन्नास, लाज वाटेल. पाचशे म्हणजे महिनाअखेरीला माझेच वांधे. शेवटी दोनशे दिले. काका ‘‘ठीक आहे’’ म्हणाले आणि गेले. त्या ‘ठीक आहे’चा अर्थ लावत मी अर्धा तास नव्या फ्रिजसमोर बसून होतो.

संध्याकाळी बिल फाइलमध्ये ठेवताना शेवटची ओळ वाचली. घरपोच सेवा : ० रुपये.

म्हणजे दुकानाने मला सांगितलं होतं की फ्रिज वर नेण्याचे पैसे पडत नाहीत. त्या दोघांना दुकान किती देतं, मला माहीत नाही. पण ते जर पुरेसं असतं, तर जिन्यात रेंगाळायची वेळ त्यांच्यावर आली नसती. शून्य छापणारा माणूस एसी शोरूममध्ये होता आणि त्या शून्याचा हिशोब आम्ही तिघे माझ्या स्वयंपाकघरात, एकमेकांची नजर चुकवत करत होतो.

हे वाक्य आपण सगळीकडे ऐकतो. पूजा सांगायला आलेले गुरुजी म्हणतात, गॅस सिलिंडर आणणारा म्हणतो, स्टेशनवरचा हमालही कधीकधी म्हणतो. वाक्य नम्र आहे, पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. कारण त्यात आकडा नसतो. आकड्याच्या जागी आपला स्वभाव तपासायला घेतलेला असतो. कवितेत जसं न म्हटलेलं काय आहे ते बघतात, तसं मी हल्ली या वाक्यात बघतो. दोन माणसं पैशावरून अवघडून उभी असली, की तिथे नसलेला तिसरा माणूस कोण, हे शोधायचं.

२

हे सुचायला मला उशीर झाला, आणि त्यात माझा दोष आहे. कारण असं एक वाक्य मी स्वतः कोडमध्ये लिहिलेलं आहे.

आधीच्या नोकरीत मी एका अ‍ॅपच्या पेमेंट स्क्रीनवर काम करायचो. एक दिवस तिकीट आलं : ऑर्डरच्या वेळी टिपचे पर्याय दाखवायचे. वीस, तीस, पन्नास आणि ‘इतर’. तिसावर रंगीत चौकट आणि वर बारीक अक्षरात ‘सर्वाधिक पसंती’. मी ते दोन दिवसांत करून दिलं. ज्या दिवशी ते फीचर लाइव्ह गेलं, त्या दिवशी एकाही ग्राहकाने अजून तीस रुपये निवडलेले नव्हते. तरी ‘सर्वाधिक पसंती’ पहिल्या मिनिटापासून दिसत होतं. ते शब्द मी हाताने टाइप केले होते. कोड रिव्ह्यूमध्ये कुणीही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

अशा क्लृप्त्यांना आता सरकारी नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘डार्क पॅटर्न’बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तेरा प्रकार दिले आहेत : गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं, किंमत थेंबाथेंबाने वाढवणं, वगैरे. २०२५ च्या मे महिन्यात याच प्राधिकरणाने ‘आगाऊ टिप’ मागण्यावरून कॅब अ‍ॅपला नोटीस दिली. गाडी लवकर हवी असेल तर आधीच टिप कबूल करा, असा तो प्रकार. काम व्हायच्या आधी दिलेली टिप म्हणजे टिप नव्हे, तो लिलाव आहे.

सूचना चांगल्याच आहेत. पण त्या ग्राहकाच्या बाजूने लिहिलेल्या आहेत. माझी फसवणूक होऊ नये, एवढंच त्या बघतात. हॉटेलांच्या सर्व्हिस चार्जचंही तेच झालं. तो बिलात आपोआप लावू नये, असं प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. निकाल आला तेव्हा आमच्या ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी पडले. मीही टाकले. पण वेटरला पगार किती असावा, हा त्या खटल्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता माझ्या मर्जीचा, आणि माझी मर्जी जिंकली.

३

टिपवरचा सगळ्यात गाजलेला वाद सिनेमात आहे. क्वेंटिन टॅरेंटिनोच्या ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ची (१९९२) सुरुवात. लॉस एंजेलिसमधल्या एका साध्या हॉटेलात आठ जण नाश्ता करून बसलेत. थोड्या वेळाने ते दरोडा घालणार आहेत. म्हातारा जो बिल भरतो आणि बाकीच्यांना टिपचा एकेक डॉलर काढायला सांगतो. मिस्टर पिंक (स्टीव्ह बुशेमी) नाही म्हणतो. त्याचा टिपवर विश्वासच नाही.

आमच्या हॉस्टेलवर हा सीन पाठ असलेली पोरं होती. पिंक म्हणजे चिंगूस, असं म्हणून सगळे हसायचे. नोकरी गेल्यानंतरच्या एका रात्री मी तो परत पाहिला आणि तेव्हा त्याचं म्हणणं नीट ऐकू आलं. तो म्हणतो की मीही किमान वेतनावर राबलोय, पण माझं काम समाजाला टिप देण्यालायक वाटलं नाही. वेट्रेसला द्यायची आणि बर्गरच्या काउंटरवर उभ्या असलेल्या पोराला द्यायची नाही, हे कुणी ठरवलं? समोरचे म्हणतात, अरे, त्या बाईचं घर या पैशावर चालतं.

दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा वाद संपत नाही. मला आता जाणवतं ते वेगळंच. जिच्याबद्दल हे सगळं चाललंय, ती वेट्रेस या वादात नाही. हॉटेलचा मालकही नाही. आठ गिऱ्हाइकं आपापसात भांडून आपण किती चांगले किंवा किती हुशार आहोत हे ठरवतायत. शेवटी जो दटावतो, की तुमचा नाश्ता मी भरलाय, तर टिप काढ, आणि पिंक गुपचूप डॉलर टाकतो. तत्त्व हरतं, दबाव जिंकतो. आणि पिंकने पैसे टाकले नाहीत ही चुगली जोकडे करणारा मिस्टर ऑरेंज हा त्या टोळीत घुसलेला पोलीस निघतो. टिप दिली की नाही यावर लक्ष ठेवणारा माणूस नेमका तोच असावा, हे मला फार आवडतं.

अमेरिकेतला कायदा माहीत असला की हा सीन आणखी टोचतो. तिथे टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचा रोख पगार केंद्रीय कायद्यानुसार तासाला किमान २.१३ डॉलर आहे. हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. सर्वसाधारण किमान वेतन आहे ७.२५ डॉलर. मधलं अंतर टिपने भरलं तर ठीक, नाही भरलं तर उरलेलं मालकाने भरायचं. म्हणजे गणित असं : तासाला पहिले ५.१२ डॉलर गिऱ्हाईक वेट्रेसच्या हातात ठेवतं, पण वाचतात ते मालकाचे. गंमत म्हणजे पिंक ज्या कॅलिफोर्नियात बसलाय, तिथला कायदा मालकाला ही सवलत देत नाही. तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं. टिप मात्र तिथेही द्यावी लागते. एकदा सवय लागली की कायद्याचंही ऐकत नाही ती.

४

माझे बाबा पोस्टमन होते. दिवाळीत त्यांना पोस्त मिळायची. हा शब्द आता मागे पडलाय. वर्षभर सेवा देणाऱ्याला सणाला खुशीने दिलेले पैसे, म्हणजे पोस्त. कुणी दहा रुपये द्यायचं, कुणी पन्नास, कुणी नुसता फराळ. आई ते पैसे वेगळ्या डब्यात ठेवायची आणि आमचे फटाके त्यातून यायचे.

टिपबद्दल लिहितोय म्हटल्यावर मी बाबांना फोन केला. विचारलं, पोस्त घेताना कधी लाज वाटायची का?

बाबा म्हणाले, ‘‘लाज कशाला? पगार एक तारखेला सरकार देत होतं. पोस्त नाही दिली म्हणून मी कुणाची मनीऑर्डर अडवली नाही, आणि नाही मिळाली म्हणून आपली चूल अडली नाही.’’

मला वाटतं, टिपबद्दल एवढंच समजून घ्यायचं आहे. पगार पुरा असेल तर बक्षीस गोड लागतं. बक्षीसच पगार झालं की देणाऱ्याचा धनी होतो आणि घेणाऱ्याचा मिंधा.

आपल्याकडे ही गोष्ट कुणी फार आधी आणि फार स्पष्ट मांडली असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी महार वतनाबद्दल बिल मांडलं. वतनदार महारांना सरकारी कामं करावी लागत. मोबदल्यात पिढ्यांपूर्वीची थोडी इनाम जमीन, आणि गावाकडून मिळणारं बलुतं. काम सरकारचं, आणि धान्य रयतेच्या मर्जीवर. गाव नाराज झालं की बलुतं बंद. बाबासाहेबांचा एक उपाय असा होता, की या बलुत्याचं रोख रकमेत रूपांतर करावं, ती सरकारने शेतसाऱ्याबरोबर वसूल करावी आणि सरकारनेच महारांना द्यावी. मोबदला देणाऱ्या गावाच्या मर्जीतून माणसाला सोडवायचं, हा त्यातला गाभा. ते बिल त्यांना पुढे मागे घ्यावं लागलं. ही कनिष्ठ ग्रामवतनं कायद्याने संपायला १९५८ उजाडलं.

डिलिव्हरीचं काम आणि बलुतं एकच, असं मी म्हणत नाही. बलुत्याच्या मागे जन्माची सक्ती होती, अस्पृश्यता होती. अ‍ॅप अनइन्स्टॉल करता येतं, जात नाही. पण पैशाची मांडणी बघा : काम एकाचं, मोबदला दुसऱ्याच्या खुशीवर, आणि खुशी मोजायला पाच तारे. अशी मांडणी माणसाचं काय करते हे शंभर वर्षांपूर्वी आपल्याच कायदेमंडळात सांगून झालंय, आणि मी तिसावर रंगीत चौकट काढत होतो.

५

मग माझी नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, कॅमेरा त्यांचा बंद. त्यानंतरचे पाच महिने मी फॉर्म भरले.

ज्यांनी हल्ली नोकरी शोधली आहे, त्यांना सांगायला नको. रिझ्युमे अपलोड करायचा आणि मग तोच रिझ्युमे चौकटीचौकटीत पुन्हा टाइप करायचा. शनिवार-रविवार घालवून ‘छोटीशी असाइनमेंट’ करून द्यायची, आणि नंतर कुणी फोन उचलत नाही. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा ठेवणारेच दुसऱ्या बाजूला ‘इमिजिएट जॉइनर’ मागतात. या सगळ्यावर भरपूर मीम्स आहेत, म्हणून पुढे जातो.

मला थांबायचंय त्या एका चौकटीपाशी : ‘एक्स्पेक्टेड सीटीसी’.

पहिल्यांदा ती भरताना माझी बोटं थांबली आणि मला फ्रिज आठवला. जास्त लिहिलं तर फॉर्म आपोआप बाजूला पडेल. कमी लिहिलं तर पुढची तीन वर्षं तेवढ्यावरच. आणि बेकारी सांगून टाकलेली, म्हणजे हात आधीच दगडाखाली. या जागेसाठी किती पैसे मंजूर झालेत, हा आकडा त्या कंपनीत कुठल्या तरी शीटमध्ये नक्की लिहिलेला होता. तरी ते मला विचारत होते : तुमच्या मनाला येईल ते सांगा.

टिपची चौकट आणि ही चौकट एकाच हाताने काढलेली आहे. तिथे ग्राहकाला विचारतात, या माणसाच्या श्रमाचं तुम्हाला काय वाटतं? इथे उमेदवाराला विचारतात, तुमच्या श्रमाचं तुम्हाला काय वाटतं? दोन्हीकडे ज्याच्याजवळ आकडा आहे तो गप्प राहतो. आणि चूक झाली तर ती आपल्या स्वभावाची ठरते : टिप कमी दिली तर आपण कंजूस, पगार कमी मागितला तर आपल्यात कॉन्फिडन्स नाही, जास्त मागितला तर ‘अ‍ॅटिट्यूड’. या चौकटी आपल्याकडून पैसे तर काढून घेतातच, वर आपल्याच स्वभावाला शिव्या द्यायला लावतात.

एका मुलाखतीत मी विचारलं, ‘‘मॅडम, या पोझिशनचं बजेट काय आहे?’’ पलीकडे शांतता. मग, ‘‘सर, आम्ही पॅशनेट लोक शोधतोय.’’ मेल आला नाही. त्या रात्री मी स्वतःलाच बोललो, कशाला विचारलंस? दोन दिवस तेच. चूक त्यांची होती हे कळायला मला तिसरा दिवस लागला.

हा काही निसर्गनियम नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातीतच पगाराची पट्टी छापावी लागते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये काढलेल्या निर्देशानुसार उमेदवाराला पगाराचा अंदाज आधी द्यायचा आहे, आणि आधीचा पगार विचारायचा नाही. आपल्याकडे सरकारी भरतीच्या जाहिरातीत वेतनश्रेणी छापलेली असतेच. बाबांनी अर्ज भरला तेव्हा पोस्टमनला किती मिळतात हे आजोबांनाही माहीत होतं.

६

नोकरी गमावलेल्या माणसावरचा मला माहीत असलेला सगळ्यात निर्दय सिनेमा शंभर वर्षांचा आहे. एफ. डब्ल्यू. मुर्नाऊचा मूकपट ‘द लास्ट लाफ’ (१९२४). एमिल यानिंग्ज हा एका बड्या हॉटेलचा दारवान. सोनेरी बटणांचा कोट हीच त्याची पत. एकदा जड ट्रंक उचलून तो जरा टेकतो, मॅनेजरच्या नजरेला पडतो, आणि म्हातारा झाला म्हणून त्याला पुरुषांच्या स्वच्छतागृहात टॉवेल द्यायला बसवतात. कोट काढून घेतात. तो कोट चोरून घालून तो घरी जातो, पण शेजाऱ्यांना कळायचं ते कळतं आणि चाळभर हसू पसरतं.

सिनेमा तिथेच संपायला हवा होता. पण एक पाटी येते. लेखकाला या म्हाताऱ्याची दया आली, म्हणून पुढचा जवळजवळ अशक्य शेवट, असा तिचा आशय. एक विक्षिप्त कोट्यधीश स्वच्छतागृहात त्याच्या मिठीत मरतो आणि सगळी संपत्ती त्याला मिळते. आता म्हातारा त्याच हॉटेलात जेवतोय आणि निघताना रांगेत उभ्या नोकरांना टिप वाटतोय.

पहिल्यांदा पाहताना मला बरं वाटलं होतं. आता तो शेवट आधीच्या भागापेक्षा भयंकर वाटतो. स्वप्नातसुद्धा हा सिनेमा एवढंच कल्पू शकतो, की म्हातारा रांगेच्या दुसऱ्या बाजूला गेला. हॉटेल तसंच आहे. आता दुसरा कुणी टॉवेल घेऊन उभा आहे.

नंदिता दासच्या ‘झ्विगॅटो’पाशीही (२०२३ मध्ये प्रदर्शित) मी असाच अडखळलो. कारखान्यातली नोकरी गेलेला मानस (कपिल शर्मा) भुवनेश्वरमध्ये डिलिव्हरीचं काम करतो आणि रेटिंग, इन्सेंटिव्ह यांच्या मागे धावत राहतो. सिनेमा प्रामाणिक आहे, आणि शहाना गोस्वामीची प्रतिमा कामाला बाहेर पडते तेव्हा घरातला अवघडपणा नेमका पकडला आहे. पण मी त्यातून काय घेऊन उठलो? पुढचे दोन आठवडे मी प्रत्येक रायडरला पन्नास रुपये टिप दिली आणि पाच तारे दिले. म्हणजे सिनेमाने मला चांगलं गिऱ्हाईक केलं. दोष सिनेमाचा किती, माझा किती, सांगता येत नाही. कदाचित आम्हा दोघांनाही रांगेची दुसरी बाजू बदलण्यापलीकडे काही सुचलं नाही.

सहाव्या महिन्यात मला नोकरी मिळाली. ऑफर लेटर आलं त्या रात्री जेवण मागवलं आणि रायडरला शंभर रुपये टिप दिली. देताना छाती फुगली होती. मग यानिंग्जचा चेहरा आठवला आणि जेवणाची चव गेली.

टिप देणं मी थांबवलेलं नाही. त्या माणसाच्या हातात आज पडणारे तीस रुपये माझ्या तत्त्वांपेक्षा जास्त उपयोगाचे आहेत. मिस्टर पिंक व्हायला मालक नसलेलं टेबल लागतं. फक्त टिप दिली म्हणून मी भला माणूस आहे, असं स्वतःला सांगणं बंद केलंय.

आणि हो, नव्या कंपनीतही मागच्या महिन्यात तेच तिकीट आलं. टिपचे पर्याय, मधल्यावर रंग. मी मीटिंगमध्ये दोन गोष्टी विचारल्या. ‘सर्वाधिक पसंती’ हे कुठल्या डेटावरून लिहायचं? आणि ही टिप रायडरला जे किमान देऊ म्हणून सांगितलंय, त्यात धरली जाते का? पहिल्यावर हसले आणि ते शब्द काढले. दुसऱ्यावर ‘हे ऑफलाइन बोलू’ म्हणाले. अजून बोलणं झालेलं नाही. तिकीट माझ्या नावावर तसंच उघडं आहे, आणि रोज सकाळच्या स्टँड-अपला मी तेवढा एक प्रश्न परत वाचून दाखवतो.